खोकला नाही, म्हणून क्षय नाही?

आपल्या भागातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, भिंतीवर एक वाक्य हमखास दिसेल: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. वाक्य खरे आहे, उपयोगाचे आहे आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत. तरीसुद्धा त्या वाक्याविषयी आज आम्हांला थोडी तक्रार करावयाची आहे. वर्षानुवर्षे तेच एक वाक्य वाचून लोकांच्या मनात, आणि काही डॉक्टरांच्याही मनात, असे बसले आहे की खोकला नसेल तर क्षय नसणारच. ही समजूत साफ चुकीची आहे आणि ती माणसांना पांगळे करते.

क्षयाचा जंतू बहुधा श्वासावाटे शरीरात येतो व प्रथम फुप्फुसातच बिऱ्हाड करतो, हे खरे. पण तेथून तो रक्तावाटे आणि लसिकेवाटे कोठेही जाऊ शकतो. मानेच्या गाठी, मणका, गुडघा, खुबा, आतडे, मूत्रपिंड, मेंदूवरचे आवरण, स्त्रियांच्या गर्भनलिका. केस आणि नखे सोडली तर त्याला वर्ज्य अशी जागा नाही. कधी तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि अंगातील ताकद कमी झाली की डोके वर काढतो. मधुमेह, एचआयव्हीची लागण किंवा नुसती उपासमारही त्याला पुरते. आपल्या देशात ज्या क्षयरोग्यांची सरकारदरबारी नोंद होते, त्यांपैकी पाचांत एकाहून अधिक रोगी असे फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचे असतात. ज्यांची नोंदच झाली नाही, जे तेल चोळीत किंवा अंगारा लावीत घरी बसले आहेत, ते या हिशोबात येत नाहीत.

यांत सर्वांत अधिक आढळतो तो मानेच्या गाठींचा क्षय. आपले जुने लोक याला गंडमाळ म्हणत. कानाखाली किंवा गळ्याच्या बाजूला सुपारीएवढी गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मग तिच्या शेजारी दुसरी, तिसरी येते आणि त्या एकमेकींना चिकटतात. गाठीत पू होतो, पण साध्या गळवासारखी ती लाल होत नाही, हाताला गरमही लागत नाही. या थंडपणामुळेच माणूस फसतो. पुढे ती फुटते आणि महिनोन्‌महिने वाहत राहते. गावात अशा गाठीवर बिब्बा लावतात, डाग देतात, पाला बांधतात. नाही तर कोणी हौशी माणूस ब्लेडने चिरतो आणि मग जखम भरतच नाही. शहाण्यासुरत्या घरांतही औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणण्याची पद्धत आहे. त्या गोळ्यांनी थोडे बरे वाटते, गाठ किंचित बसल्यासारखी होते आणि खरे निदान आणखी दोन महिने लांबते.

आपल्याच लोकांना अडाणी म्हणण्याचे मात्र कारण नाही. इंग्लंड आणि फ्रान्स या देशांत कित्येक शतके अशी समजूत होती की राजाने हात लावला म्हणजे या गाठी बऱ्या होतात. प्रसिद्ध इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन अडीच वर्षांचा असताना, १७१२ साली, त्याच्या आईने त्याला अशाच गाठींसाठी लंडनला ॲन राणीपुढे नेले होते. राणीने हात लावला. गाठी काही गेल्या नाहीत. त्या पुढे चिराव्या लागल्या आणि गळ्यावरचे व्रण त्याच्याबरोबर जन्मभर राहिले.

गळ्याच्या गाठीत आणखी एक अडचण आहे आणि ती आम्हांला अधिक टोचते. गाठ मुलीच्या गळ्यावर असेल, आणि मुलगी लग्नाची असेल, तर घरचे लोक आधी ओढणी शोधतात, मग डॉक्टर. सोयरिकीत बोभाटा होईल ही भीती. वस्तुस्थिती अशी आहे की केवळ गाठीचा क्षय असलेल्या माणसापासून घरात दुसऱ्याला लागण होत नाही, कारण हा रोग पसरतो तो खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांमधून. फुप्फुसाबाहेरच्या क्षयांत स्वरयंत्राचा क्षय तेवढा अपवाद. फुप्फुसातही रोग आहे की काय हे पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे मात्र प्रत्येकाने काढावा. तो स्वच्छ निघाला तर ताट वेगळे, तांब्या वेगळा, असले प्रकार करू नयेत. आणि सहा महिने औषध घेतलेली मुलगी इतर कोणत्याही मुलीइतकीच निरोगी असते, हे सोयरिकीला आलेल्या मंडळींना तोंडावर सांगण्याची हिंमत तिच्या मामाने आणि काकाने दाखवावी, असे आम्हांला वाटते.

गाठींचा विषय निघाला आहे तर दुधाचेही सांगून टाकू, कारण या पानाचे बहुतेक वाचक गोठेवाले आहेत. गुरांनाही क्षय होतो. त्यांचा जंतू माणसाच्या जंतूचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे आणि तो कच्च्या दुधावाटे माणसात येऊ शकतो. दुधातून आला की तो बहुधा मानेच्या गाठींत किंवा आतड्यात बसतो. युरोपात दूध तापवून विकण्याची रीत येण्यापूर्वी तेथील लहान मुले या दुखण्याने फार मरत. आपल्याकडे घरोघरी दूध उकळण्याची चाल आहे, तिने आपले मोठेच रक्षण केले आहे. ती चाल सोडू नये. धारोष्ण दुधाने अंगात ताकद येते असे सांगून नातवाच्या तोंडी थेट धार देणारे आजोबा अजून आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण दूध उतू येईपर्यंत तापवूनच द्यावे. गाय वरचेवर खोकत असेल, खुराक असूनही खंगत असेल, कासेत कठीण गाठ लागत असेल, तर पशुवैद्यांना सांगून ट्यूबर्क्युलिनची परीक्षा करून घ्यावी. मानेच्या कातडीत सुई टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. गाय रोगी निघाली तर तिला वेगळी बांधावी आणि तिचे कच्चे दूध वासरालाही पाजू नये.

आता मणक्याकडे वळू, कारण खरे नुकसान तेथे होते.

शेतात राबणाऱ्या माणसाची पाठ दुखणे ही काही बातमी नव्हे. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून काढल्यावर कोणाची दुखत नाही? त्यामुळे मणक्याचा क्षय आपल्याकडे कित्येक महिने उसण, लचक, वात अशा नावांखाली लपून राहतो. आमच्या परिचयातील एका शेतकरी बाईंचे असेच झाले. वय चाळिशीच्या आतबाहेर. लावणीनंतर पाठ धरली ती सुटेना. आधी तेल व शेक झाला, मग हाडवैद्य झाले, मग बाजाराच्या गावी एका खाजगी दवाखान्यात सुया आणि कमरेचा पट्टा. सुईने आठवडाभर बरे वाटे, पुन्हा मूळपदावर. संध्याकाळी अंग कणकणे, वजन उतरले होते, रात्री कूस बदलताना कळ येई. हे सगळे त्या सांगत होत्या, पण कोणी ते एकत्र जोडून पाहिले नाही. आठव्या महिन्यात चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहू लागली आणि ती निसटल्याचे त्यांना कळतही नसे. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोठ्यात खाली बसल्या त्या उठता येईना. एमआरआय काढला तेव्हा दोन मणके आणि त्यांमधली गादी खाल्लेली, आणि पुवाचा दाब मज्जारज्जूवर आलेला. डॉक्टरांनी रोगाचे नाव घेतले तेव्हा त्यांच्या यजमानांचा पहिला प्रश्न हा होता: पण डॉक्टर, हिला खोकला कुठे आहे?

औषध वर्षभर चालले. आज त्या काठी घेऊन चालतात, चुलीपुढचे सारे करतात, पण शेतात वाकता येत नाही. सहा महिने आधी औषध मिळते तर बहुधा काठी लागली नसती. त्या खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांवर आम्ही हलगर्जीपणाचा ठपका ठेवीत नाही. त्यांच्याही समोर तेच भिंतीवरचे वाक्य होते.

या रोगात घडते ते असे. जंतू मणक्याच्या पुढच्या भागात, गादीला लागून, घर करतो. दोन शेजारचे मणके पुढून पोखरले जातात, पाठीचा कणा पुढे दुमडतो आणि मागे पोक दिसू लागतो. हा पोक आणि पायांतले वारे जाणे यांचा संबंध पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ सालीच लिहून ठेवला, तेव्हा जंतूचा कोणाला पत्ता नव्हता. तो रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७९ च्या एप्रिलात, लूर्दच्या बर्नाडेटचे वयाच्या ३५ व्या वर्षी देहावसान झाले. त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या हाडाला क्षय होता. त्यांची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे, पण त्यांचे दुखणे हाडाच्या क्षयाचे होते हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या काळी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा, आयसोनायझिड आले १९५२ त. त्यापूर्वी मणक्याच्या रोग्याला वर्षानुवर्षे प्लॅस्टरमध्ये निजवून ठेवीत. आज तशी गरज नाही, आणि ती नाही हे दाखवून देण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रात हिंडत्याफिरत्या रोग्यांना नुसत्या गोळ्या देऊन मणका बरा होतो हे पाहण्यात आले. वाराणसीचे अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपला मधला मार्ग मांडला: आधी औषध, आणि औषधाने उतार पडत नसेल किंवा पायांतली ताकद परत येत नसेल तरच शस्त्रक्रिया. पाठीच्या क्षयाचे नाव ऐकताच ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकायला निघालेल्या माणसाने एवढे ध्यानात ठेवावे.

मुलांच्या बाबतीत एक खूण सांगतो. मूल लंगडू लागले आणि रात्री झोपेत किंचाळून उठू लागले, तर स्वप्नाला दोष देऊ नये. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या क्षयात दिवसा स्नायू सांध्याला ताठ धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि सांधा हलला की कळ येते. आणि मूल आठ-पंधरा दिवस तापाने किरकिरे, सुस्त झाले, ओकू लागले, मान ताठ झाली, तर मेंदूच्या आवरणाच्या क्षयाची शंका धरून त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यावे. जन्मताच टोचतात ती बीसीजीची लस लहान मुलांना या भयंकर प्रकारापासून बऱ्याच अंशी वाचविते, म्हणून ती चुकवू नये.

छातीत पाणी होणे, पोट फुगणे व दुखणे, लघवीतून रक्त जाणे, यांच्याही मुळाशी क्षय असू शकतो. प्रत्येकाचे वर्णन येथे करीत बसत नाही. फक्त एका गोष्टीवर थांबावेसे वाटते. लग्नाला पाच-सात वर्षे होऊन मूल नाही, म्हणून सासरी बोलणी खाणाऱ्या काही स्त्रियांच्या गर्भनलिका क्षयाने बंद झालेल्या असतात. त्यांना खोकला नसतो, ताप नसतो, कित्येकींना पाळीचाही त्रास नसतो. नलिका एकदा पुरत्या बंद झाल्या की औषधाने रोग जातो, पण वाट मोकळी होईलच असे नाही. अशा सुनेला नवससायास करायला लावण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि तपासणी नवऱ्याचीही व्हावी.

आता मूळ तक्रारीकडे येतो. सरकारी कार्यक्रमाने खोकल्यावर इतका भर का दिला? कारण पटण्याजोगे होते. १९९७ साली सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पैसा थोडा, माणसे थोडी. ज्याच्या थुंकीत जंतू आहेत तो आणखी दहा जणांना रोग देणार. त्याला आधी गाठावे म्हणजे साखळी तुटेल. मानेची गाठ कोणाला रोग देत नाही, ती मागे राहिली. साथ आवरायची या दृष्टीने हा हिशोब चूक म्हणता येणार नाही. पण माणूस म्हणजे केवळ रोग पसरविणारे यंत्र नव्हे. ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याच्या स्वतःच्या पायांचे काय? २०१८ मध्ये सरकारने २०२५ पर्यंत क्षय हटविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, २०२० मध्ये कार्यक्रमाचे नावही नियंत्रणाऐवजी निर्मूलन असे झाले. २०२५ उजाडले तरी रोग हटलेला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे खेडोपाडी फिरली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण छातीच्या एक्स-रेत मानेची गाठ दिसत नाही आणि गुडघाही दिसत नाही. कार्यक्रमाच्या नियमपुस्तकात गाठ, सांध्याची सूज, न हटणारा ताप, घटते वजन या सगळ्या खुणा दिलेल्या आहेत. त्या पुस्तकातून भिंतीवर यायला इतका वेळ का लागावा, हा आमचा प्रश्न आहे.

दुसरी अडचण तपासणीची. थुंकी घरबसल्या देता येते; मणक्यातला पू तसा काढता येत नाही. गाठ असेल तर बारीक सुईने त्यातले पाणी काढतात किंवा तुकडा घेतात. येथे एक बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्यापायी कितीतरी रोग्यांना दुसऱ्यांदा चिरून घ्यावे लागते. काढलेला तुकडा नेहमीच्या सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. फॉर्मॅलिनने जंतू मरतो आणि मग तो वाढवून पाहता येत नाही. त्यावर कोणते औषध लागू पडेल हेही नीट कळत नाही. म्हणून तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: साहेब, यातला अर्धा साध्या सलाईनमध्ये घालून सीबीनॅटला आणि कल्चरला पाठवाल ना? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. पाठदुखीच्या रोग्यांनी हेही जाणून असावे की मणक्याचा क्षय सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतच नाही. हाडाचा बराच भाग खाल्ला गेल्यावर दिसतो. एक्स-रे चांगला आहे आणि दुखणे मात्र वाढतेच आहे, असे असेल तर पुढची तपासणी मागावी.

औषधे बहुतेक तीच, फुप्फुसाच्या क्षयाला देतात ती, आणि सरकारी केंद्रात फुकट. गाठी, छातीतले पाणी, पोट यांना साधारण सहा महिने. मेंदूच्या आवरणाला निदान नऊ. हाडे आणि सांधे यांना बारा, क्वचित अठराही. लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, रिफॅम्पिसिनचा रंग आहे. डोळे किंवा लघवी गर्द पिवळी झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा नजर अंधुक वाटली तर मात्र ताबडतोब केंद्रात कळवावे. औषध चालू असताना गाठ एकदम मोठी होते किंवा नवी गाठ येते, असेही काहींत घडते. पुष्कळदा तो औषध बिघडल्याचा पुरावा नसतो, शरीराच्या झुंजीची ती खूण असते. डॉक्टरांना दाखवावे, पण आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत. आणि त्या काळात दारू वा फेणी नको. यकृताला एकाच वेळी दोन धनी झेपत नाहीत.

पोटाचे म्हणाल तर नोंद झालेल्या प्रत्येक क्षयरोग्याला, फुप्फुसाचा असो वा गाठीचा, सरकार आहारासाठी बँक खात्यात पैसे भरते. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते खताच्या उधारीत वळते करू नयेत. अंडी, कडधान्ये, शेंगदाणे, नाचणीची आंबील, परवडेल तेव्हा मासळी, एवढे पुरे. झारखंडात डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा शिधा दिला गेला. त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. आपल्या शेतातल्या कुळीथ-चवळीची किंमत यावरून ध्यानात यावी.

आमच्या सीमाभागातल्या रोग्यांची आणखी एक रड असते. घर एका राज्यात, कामधंदा दुसऱ्या राज्यात, इस्पितळ तिसऱ्याच गावी. बेळगावकडचा मुलगा मडगावला हॉटेलात काम करतो, तपासणी मिरजेला होते, आणि मग गोळ्या कोणी द्यायच्या यावर दोन्हीकडे बोट दाखविले जाते. रोग्याची नोंद निक्षय या देशभरच्या यंत्रणेत होते आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बदलून घेता येते, मग ते केंद्र दुसऱ्या राज्यात का असेना. आपला निक्षय क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा, आणि गाव सोडण्याआधी निदान आठवडाभर केंद्रात सांगावे.

आमची मागणी लहान आहे. पावसाळ्यापूर्वी बहुतेक केंद्रांच्या भिंती पुन्हा रंगवितात. खोकल्याचे वाक्य तसेच राहू द्यावे आणि त्याच्या खाली आणखी दोन घालावीत: दोन आठवड्यांहून अधिक राहिलेली मानेची, काखेची गाठ दाखवा. महिनाभर न हटणारी पाठदुखी, सोबत ताप किंवा वजनात घट असेल, तर क्षयाची तपासणी मागा. आशाताईंच्या वहीतही हे दोन प्रश्न खोकल्याच्या प्रश्नाशेजारी असावेत. भिंत रंगेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दूध संकलन केंद्रावर सकाळी गावातले निम्मे लोक येतात. ज्यांचे अक्षर चांगले आहे अशा एखाद्या शाळकरी मुलाने तेथे पुठ्ठ्यावर ही दोन वाक्ये मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून टांगली, तर शाईचा खर्च आम्ही देऊ.